वालचंद, फियाट आणि एक सुपरचार्जर

कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्ममध्ये आपल्यापैकी निम्म्या जणांनी ‘वालचंद, सांगली’ हे नाव भरलं असेल. मीही भरलं होतं. मिळालं नाही, तो भाग वेगळा! पण ते नाव ज्यांचं, ते वालचंद हिराचंद दोशी कोण, हे हॉस्टेलमध्ये चार जणींना विचारून पाहा. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला जेम्स वॅट आणि हेन्री फोर्ड भेटले, वालचंद काही भेटले नाहीत.

मला ते भेटले गाडीच्या बॉनेटखाली. अंबडला आमच्या मोठ्या काकांच्या शेडमध्ये एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. माझा चुलतभाऊ आणि मी तिच्या इंजिनाला घरच्या घरी सुपरचार्जर बसवायच्या विचारात आहोत. जालन्याच्या स्टील मिल भंगार वितळवून सळया बनवतात हे आपल्याला माहीतच आहे, त्यामुळे काकांकडे भंगारवाल्याची चक्कर ठरलेली! गाडी ठेवायची तर तिचं काहीतरी करून दाखवा, अशी काकांची अट आहे. म्हणून इंजिनाची माहिती काढायला बसले आणि शोधता शोधता वाचत गेले ते त्या माणसाबद्दलच.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजराती जैन, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. म्हणजे पिढीजात गादीवर बसले असते तरी आयुष्य आरामात गेलं असतं. पण त्यांना बांधकामाचं वेड लागलं. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भागीदार मिळाले आणि पहिलं काम मिळालं बार्शी लाइट रेल्वेचं, येडशी ते तडवळे. म्हणजे आपल्या मराठवाड्यातलं! पुढे बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांपर्यंत त्यांची कामं गेली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली.

त्याआधीच ते समुद्रात उतरले होते. १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची एक जुनी बोट विकायला निघाली. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेऊन ती विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ‘लॉयल्टी’ नावाची ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन असतो तो त्यामुळे. इंग्रज बोट कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण कंपनी टिकली. रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने हा आणखी वेगळा विषय, तो इथे सोडून देते.

मला सगळ्यात भारी वाटतं ते १९३९ साल. वालचंद मोटारीचा कारखाना काढायच्या खटपटीत अमेरिकेला गेले होते. ह्या कामात सर विश्वेश्वरय्यांचाही हात होता. परतताना पॅसिफिकवरच्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी पडली. हा चीनला विमानं पुरवायचा. मोटारीसाठी गेलेला माणूस परत आला तो विमानाच्या कारखान्याची योजना घेऊन! म्हैसूर संस्थानाने जागा आणि पैसा दिला आणि २३ डिसेंबर १९४० ला बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. आजची एचएएल ती हीच. दोन वर्षांच्या आत, युद्धाच्या धामधुमीत, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. चांगली किंमत मिळाली, पण कारखाना हातातून गेला. विशाखापट्टणमला १९४१ मध्ये त्यांनी जहाजबांधणीचा कारखानाही सुरू केला. तिथे बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात गेली. तोही कारखाना पुढे सरकारकडे गेला.

आता आमचा सुपरचार्जर इथे कुठे येतो? बंगलोरच्या त्या कारखान्यात कर्टिस हॉक हे लढाऊ विमान जोडलं गेलं. त्याच्या राइट सायक्लोन इंजिनात क्रँकशाफ्टवरून गिअरने फिरणारा सुपरचार्जर होता. उंचावर हवा विरळ होते, इंजिनाचा श्वास कमी पडतो, म्हणून पंख्याने हवा दाबून आत भरायची. आमच्या डोक्यात जे आहे ते याचंच धाकटं भावंडं. रूट्स ब्लोअर, म्हणजे एकमेकांत फिरणारे दोन रोटर, क्रँकच्या पुलीवरून पट्ट्याने चालणारे. हा ब्लोअर मुळात लोखंडाच्या भट्ट्यांना हवा द्यायला वापरात आला, हे वाचून जालनाकरांना बरं वाटेल!

थोडं गणित करते, कंटाळू नका. पद्मिनीच्या सिलिंडरचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, सिलिंडर चार, म्हणून १०८९ सीसी. फोर-स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा एवढी हवा आत जाते. ३००० आरपीएमला मिनिटाला साधारण १६३० लिटर हवा हवी, पण जुनं मॅनिफोल्ड आणि एकुलता एक कार्ब्युरेटर यातून त्याच्या पाऊण हिस्सा गेली तरी पुष्कळ. ०.३ बार जादा दाब दिला तर हवा ३० टक्के वाढेल असं वाटतं. पण दाबली की हवा तापते, तापली की विरळ होते, म्हणून हाती वीस-बावीस टक्केच येतात. त्यातूनही पट्टा आपला हिस्सा काढून घेतो. मूळ ताकद सुमारे ४० हॉर्सपॉवर, ती ४७-४८ झाली तरी आम्ही खूश. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी ठेवायचा, म्हणजे त्याच्यावर आणि पेट्रोल पंपावर दाब येत नाही. टायमिंग थोडं मागे घ्यायचं, नाहीतर नॉकिंग होऊन पिस्टनला भोक पडतं. आणि पद्मिनीचा पेट्रोल पंप असाही उन्हात रुसतो. त्यावर ओलं फडकं टाकून घाट चढलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी असतील. मे महिन्यातल्या जालन्यात काय होईल ते पाहावं लागेल. आणि हो, मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे असला बदल करून गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून इंजिन उतरवून स्टँडवरच चालवायचं ठरलंय.

परत वालचंदांकडे येते. बोट झाली, विमान झालं, पण ज्यासाठी धावपळ सुरू केली ती मोटार राहिलीच होती. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. युद्धकाळात इंग्रज सरकारने मोटार कारखान्याला हात दिला नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला सुटे भाग परदेशातून आणून इथे जोडायचे. काही जण याला कारखानदारी म्हणत नाहीत. मला ते पटत नाही. जोडल्याशिवाय बनवायला शिकणार कसं? आपण तरी वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षी काय करतो?

एक मात्र मान्य करायला हवं. वालचंद संत वगैरे नव्हते. सरकारशी भांडायचे आणि सरकारची कंत्राटंही घ्यायचे. एक काम स्थिर व्हायच्या आत दुसरं अंगावर घ्यायचे. आमच्या चुलतभावासारखंच, फक्त भांडवल जास्त!

त्यांची तब्येत खचली आणि १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला ते वारले. कुर्ल्याहून फियाट ११०० निघू लागली ती १९५४ मध्ये. म्हणजे सगळ्या महाराष्ट्राने जिला ‘फियाट’ म्हणून घरची मानली, ती गाडी ज्यांनी कारखाना काढला त्यांनी पाहिलीच नाही. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ लॅपटॉप बंद करून बसले.

तिचं इंजिन तर आणखी जुनं. १०८९ सीसीचं, ६८ बाय ७५ चं हे इंजिन इटलीत फियाटने १९३७ मध्ये बाजारात आणलं, म्हणजे वालचंद मोटारीची स्वप्नं पाहत होते साधारण तेव्हाच. पुढे लायसन्स राजमध्ये स्पर्धा नाही, नवीन मॉडेलला परवानगी मिळायची मारामार, गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले. मग बदलायचं कोणी आणि कशाला? १९७४ मध्ये नाव पद्मिनी झालं, बंपर-ग्रिल बदलले, आत इंजिन मूळचंच. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. लाखो टॅक्सी फेऱ्यांनी या इंजिनाची एवढी परीक्षा घेतली आहे की त्याचा कुठला भाग आधी जातो हे मुंबईतला कोणताही जुना मिस्त्री झोपेत सांगेल. आमच्यासारख्यांना सुपरचार्जर लावायच्या आधी हीच माहिती सगळ्यात कामाची, आणि ती कुठल्याही टेक्स्टबुकात नाही.