हर्मान स्टाउडिंगर

इचलकरंजींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं यंत्रमाग सुरू केला. तेव्हांपासून या गांवचा संसार सुतावर चालत आला आहे. त्या सुताचें रासायनिक स्वरूप जगास पटवून देणाऱ्या पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें.

हर्मान स्टाउडिंगर यांचा जन्म ता. २३ मार्च १८८१ रोजीं जर्मनींतील वर्म्स येथें झाला. त्यांस वनस्पतिशास्त्राची आवड होती. परंतु वनस्पती नीट समजण्यास आधीं रसायनशास्त्र शिकावें, हा वडिलांचा सल्ला त्यांनीं मानला. १९१२ सालीं ते झुरिच येथें प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळांत त्यांनीं विषारी वायूंच्या वापराविरुद्ध लेखणी उचलली व फ्रिट्झ हाबर यांसारख्या थोर देशबांधवाचा रोष पत्करला.

१९१९ सालीं ज्यूल मेयर यांच्यासह त्यांनीं एक नवी रासायनिक क्रिया प्रसिद्ध केली. शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचे नत्र व स्फुरद यांची ती सांगड होय. अझाइड या जातीच्या संयुगांत नत्राचे तीन अणू एका ओळींत असतात. त्यांत स्फुरदाचें फॉस्फिन जातीचें सेंद्रिय संयुग मिसळलें, कीं दोन अणू वायुरूपानें बुडबुडत निघून जातात व तिसरा स्फुरदाशीं दुहेरी बंधानें जोडला जातो. त्यावर पाण्याची क्रिया होऊं दिली, तर तो बंध तुटून अमाइन हातीं येतें. यास प्रखर उष्णता नको, कीं तीव्र आम्ल नको.

पुढील वर्षींच त्यांनीं प्रतिपादन केलें, कीं रबर, कापूस इत्यादि पदार्थांचे रेणू म्हणजे असंख्य कड्यांच्या लांब साखळ्या होत. मोठमोठ्या रसायनज्ञांनीं ही कल्पना हास्यास्पद ठरविली. नाझी राजवटींत त्यांचा छळ झाला; १९४४ त बाँबहल्ल्यांत फ्रायबुर्गची त्यांची प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. तरी प्रयोगानें सिद्ध झालेलें सत्य त्यांनीं सोडलें नाहीं. अखेर १९५३ सालीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं, त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९६५ सालीं त्यांचें निधन झालें.

त्यांची १९१९ ची क्रियाही पुढें नव्यानें फळास आली. २००० सालीं अमेरिकेंत कॅरोलिन बर्टोझी यांनीं तिला नवें रूप देऊन पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करांस खुणेचे रेणू जोडून दाखविले. कापसाच्या वस्त्रानें सहज पेट घेऊं नये म्हणून करावयाच्या संस्कारांतही नत्र व स्फुरद यांची संयुगें वापरतात.

विद्यार्थिमित्रांनो, सत्य हातीं लागल्यावर लोकांच्या हंसण्यास भिऊं नये, आणि ज्ञान मनुष्याच्या संहारास विकूं नये, हाच या चरित्राचा बोध होय.