प्यादे देऊन पट जिंकणारे मिल्नर-बॅरी

मिल्टन कीन्समधील ब्लेचली पार्क आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. युद्धकाळात तेथे काम केलेल्या एका बुद्धिबळपटूची ओळख, खेळ नुकताच शिकू लागलेल्या आपल्या मुलांसाठी, आम्ही करून देत आहोत.

सर स्ट्यूअर्ट मिल्नर-बॅरी यांचा जन्म १९०६ साली लंडनमधील हेंडन येथे झाला. १९२३ साली ब्रिटनमधील मुलांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा त्यांनी जिंकली. केंब्रिजचे शिक्षण संपवून ते शेअर दलालाच्या पेढीत नोकरीस लागले. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ते इंग्लंडच्या संघातून ब्युनॉस आयर्स येथे खेळत होते. संघात ह्यू अलेक्झांडर व आपले धर्मबंधू हॅरी गोलोम्बेक हेही होते. संघ स्पर्धा सोडून परतला आणि हे तिघेही पुढे ब्लेचलीस जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामास लागले.

बुद्धिबळात त्यांचे नाव एका डावपेचाला मिळाले आहे. फ्रेंच बचावाविरुद्ध पांढरा आपला राजा कोपऱ्यात सुरक्षित नेतो आणि वजिरासमोरचे प्यादे जाऊ देतो. काळ्याचा घोडा ते मारतो आणि घोड्यांची अदलाबदल होऊन काळ्याचा वजीर पटाच्या मध्यावर येतो. मग पांढऱ्याचा घोडा बाहेर पडतो, हत्ती व उंट यांना वाटा मोकळ्या होतात. वजिराने लोभाने दुसरेही प्यादे मारले, तर हत्ती त्याच्यावर चाल करतो व त्याला पुन्हा पळावे लागते. काळ्याचा राजा मात्र अजून मध्येच अडकलेला असतो.

नवशिका मारलेली प्यादी मोजतो. कामाला लागलेली मोहरी किती, हेही मोजले पाहिजे. मात्र हल्ला थंडावला तर दिलेले प्यादे शेवटी नडते, हेही मुलांना सांगावे.

१९४१ साली ब्लेचलीत हुशार माणसे होती, यंत्रे होती; पण टंकलेखक व कारकून पुरेसे नसल्याने काम अडत होते. मोहरी पटावर असून हलेनात, तशी ही गत! मिल्नर-बॅरी, अलेक्झांडर, ट्युरिंग व वेल्चमन यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि २१ ऑक्टोबरला मिल्नर-बॅरींनी ते स्वतः डाऊनिंग स्ट्रीटवर पोहोचवले. चर्चिल यांनी मागणी तातडीने पुरवण्याचा हुकूम दिला.

१९४३ साली ते हट ६ या विभागाचे प्रमुख झाले. युद्धानंतर त्यांनी अर्थखात्यात नोकरी केली. १९७५ साली त्यांना सर हा किताब मिळाला व १९९५ साली ते निवर्तले. मुलांना ब्लेचली पार्क दाखवाल, तेव्हा त्यांचे नाव अवश्य सांगा.