संत ऑगस्टीन : एकांतातला पश्चात्ताप, लोकांसमोरची साक्ष

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या भाविकांनी जवळच्या टेकडीवरचा उंच, पडका मनोरा पाहिला असेल. जांभ्या दगडाचा हा मनोरा म्हणजे १५७२ साली गोव्यात आलेल्या ऑगस्टीनियन संघाच्या चर्चचा अवशेष होय. ८ मे २०२५ रोजी ह्याच संघातील लिओ चौदावे पोपपदी निवडून आले आणि संघाला ज्यांचे नाव लाभले त्या संत ऑगस्टीन ह्यांचे स्मरण पुन्हा जगभर झाले. त्यांच्या मनपरिवर्तनाची कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असते. तथापि तिची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. पश्चात्ताप त्यांना एका दिवशी लाभला, पण तो सर्वांसमोर उघडपणे मांडण्यास सुमारे अकरा वर्षे जावी लागली. तीच बाजू आज आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

ऑगस्टीन ह्यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्ते ह्या गावी झाला. हे ठिकाण आजच्या अल्जेरिया देशात आहे. आई मोनिका श्रद्धावंत ख्रिस्ती होती. वडील पॅट्रिशियस ह्यांनी आयुष्याच्या अखेरीस ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. मुलगा बुद्धिमान होता. कार्थेज येथे तो वक्तृत्वशास्त्र शिकला. तेथेच एका स्त्रीशी त्याचे संबंध जुळले आणि विवाहावाचून त्यांना अदेओदातुस हा पुत्र झाला. एकोणिसाव्या वर्षी सिसरोचा एक ग्रंथ वाचून सत्याचा शोध घेण्याची ओढ त्याला लागली. म्हणून त्याने बायबल उघडले. परंतु सिसरोच्या डौलदार भाषेपुढे पवित्र शास्त्राची भाषा त्याला साधी वाटली आणि त्याने ते बाजूस ठेवले. पुढे सुमारे नऊ वर्षे तो मानी पंथाचा अनुयायी होता.

३८३ मध्ये ऑगस्टीन रोमला आणि ३८४ मध्ये मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले. तेथील बिशप संत अम्ब्रोज ह्यांच्या प्रवचनांना ते जाऊ लागले. हेतू एवढाच होता, की हा प्रख्यात वक्ता बोलतो कसा ते पाहावे. पण शब्दांबरोबर अर्थही अंतःकरणात उतरू लागला. जुन्या करारातील ज्या उताऱ्यांची ते थट्टा करीत, त्यांत दडलेला आध्यात्मिक अर्थ अम्ब्रोज उलगडून दाखवीत. बुद्धीचे अडसर एकामागून एक दूर झाले. जीवन मात्र बदलले नाही. प्रतिष्ठित घराण्यात विवाह व्हावा म्हणून त्यांच्या पुत्राच्या आईला आफ्रिकेस परत पाठविण्यात आले. त्या स्त्रीचे नावही आपल्याला ठाऊक नाही. तिच्या वियोगाने ऑगस्टीन घायाळ झाले, तरी थोड्याच दिवसांत त्यांनी दुसरी स्त्री जवळ केली. पापाची सवय किती घट्ट असते, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करीत आहोत.

ह्या अवस्थेत सिंप्लिसियानस नावाच्या वृद्ध धर्मगुरूंनी त्यांना मारियुस व्हिक्टोरिनस ह्यांची हकीकत सांगितली. व्हिक्टोरिनस हे रोममधील नामांकित विद्वान. शहराच्या चौकात त्यांचा पुतळा उभारलेला होता. पवित्र शास्त्र वाचून त्यांची खात्री पटली होती. आपण मनाने ख्रिस्ती झालो आहोत, असे ते सिंप्लिसियानस ह्यांना खाजगीत सांगत. चर्चमध्ये दिसाल तेव्हाच विश्वास ठेवीन, असे उत्तर मिळाले, की माणूस काय भिंतींमुळे ख्रिस्ती होतो, असे ते थट्टेने विचारीत. वस्तुतः आपल्या वजनदार मित्रांची त्यांना भीती वाटत होती. वाचन चालूच राहिले आणि एक दिवस उलटी भीती वाटू लागली : माणसांसमोर आपण ख्रिस्ताला नाकारले, तर तोही आपल्याला नाकारील. मग ते स्वतःच चर्चला चला म्हणून उठले. श्रद्धेचा अंगीकार एकांतात करण्याची सवलत धर्मगुरूंनी देऊ केली होती. ती नाकारून त्यांनी सर्व लोकांसमोर उंच जागी उभे राहून तो केला. पुढे ३६२ मध्ये सम्राट ज्युलियनने ख्रिस्ती शिक्षकांवर बंदी आणली, तेव्हा त्यांनी आपली शाळा सोडली, श्रद्धा सोडली नाही.

३८६ च्या उन्हाळ्यात पोंटिशियानस नावाचे एक ख्रिस्ती राजसेवक ऑगस्टीन ह्यांच्या घरी आले. मेजावर संत पौलाची पत्रे पाहून त्यांना आनंद झाला आणि त्यांनी इजिप्तच्या संत अँथनीची कथा सांगितली. शुभवर्तमानाचे एक वचन ऐकून अँथनीने सर्वस्व सोडले होते. आपण एवढे शिकूनही चिखलातच रुतून आहोत, ह्या विचाराने व्याकूळ होऊन ऑगस्टीन बागेत गेले आणि अंजिराच्या झाडाखाली रडू लागले. तोच शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज आला. उचलून वाच, असे तो गाण्याच्या चालीवर पुन्हा पुन्हा सांगत होता. त्यांनी पौलाचे पुस्तक उघडले. दृष्टी पडली ती रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायावर. दारूबाजी, कामवासना, कलह व मत्सर सोडून प्रभू येशू ख्रिस्त परिधान करावा, असा तेथे उपदेश आहे. पुढे वाचण्याची त्यांना गरज उरली नाही. जवळ बसलेला मित्र अलिपियस ह्याने पुढची ओळ वाचली. श्रद्धेने दुर्बळ असलेल्याला स्वीकारण्याविषयीची ती ओळ त्याने स्वतःस लावून घेतली. दोघे घरात गेले आणि मोनिकेला सारे सांगितले. ऑगस्टीन ह्यांची पहिली साक्ष अशी मित्रासमोर व आईसमोर झाली.

तरीही जाहीर धैर्य लगेच आले नाही. द्राक्षे तोडण्याच्या हंगामाची सुटी काही दिवसांवर होती. तोवर त्यांनी गाजावाजा न करता शिकविणे चालू ठेवले आणि मग राजीनामा दिला. छातीच्या दुखण्याचे कारणही होतेच. ३८७ च्या पास्काजागरणात अम्ब्रोज ह्यांनी त्यांना, अलिपियसला व अदेओदातुसला स्नानसंस्कार दिला. त्याच वर्षी ओस्तिया बंदरात मोनिका निवर्तली. ३८८ मध्ये ऑगस्टीन आफ्रिकेस परतले. ३९१ मध्ये हिप्पो येथील लोकांनी त्यांना चर्चमध्येच धरून बिशप वालेरियुस ह्यांच्यापुढे उभे केले व गुरुदीक्षा घेण्यास भाग पाडले. तेव्हा त्यांनी बिशपांकडे एकच मागणी केली : पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी थोडा अवधी मिळावा. काही वर्षांत ते स्वतः हिप्पोचे बिशप झाले.

विरोधक त्यांच्या पूर्वायुष्याकडे बोट दाखवीत असत. अशा वेळी, ३९७ च्या सुमारास, ह्या बिशपांनी आपली पापे स्वतःच लिहून काढण्यास घेतली. तेरा भागांचा हा ग्रंथ म्हणजे त्यांचे ‘कन्फेशन्स’. दहाव्या भागात तर त्यांनी बिशप असताना जाणवणारे मोहही लपविले नाहीत. व्हिक्टोरिनस ह्यांनी रोममध्ये केले तेच त्यांनी लेखणीने केले.

येथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोनातवादी फुटीर ख्रिस्ती लोकांना वादसंवादाने जिंकावे, असे त्यांचे आरंभी मत होते; पुढे मात्र राजाज्ञेच्या सक्तीला त्यांनी संमती दिली. ह्या बाबतीत आम्ही त्यांचे अनुकरण करू शकत नाही. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नसावी, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले आहे. साक्ष देणे म्हणजे दुसऱ्याला नमविणे नव्हे. देवाने आपल्याला कोठून उचलले ते सांगणे होय.

४३० मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असताना ऑगस्टीन आजारी पडले. प्रायश्चित्ताची स्तोत्रे मोठ्या पानांवर लिहवून त्यांनी ती भिंतीवर लावून घेतली. अखेरच्या दहा दिवसांत वैद्य व जेवण आणणारे ह्यांखेरीज कोणी आत येऊ नये असे सांगून, ती वाचत ते अश्रू ढाळीत. २८ ऑगस्ट रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. चाळीस वर्षे इतरांना शास्त्र शिकविणारा हा धर्मपंडित मरताना पुन्हा शास्त्रापुढे पश्चात्तापी होऊन बसला.

प्रिय धर्मग्रामस्थांनो, आपल्या बहुतेक घरांत वेदीजवळ बायबल असते. ते किती दिवसांनी उघडले जाते, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा. कचेरीत डबा उघडताना क्रुसाची खूण करण्यास आपला हात कचरतो काय? आम्ही धर्मगुरूदेखील ह्या प्रश्नातून सुटलेलो नाही; व्यासपीठावरून बोलणे सोपे, आपली चूक घरच्यांसमोर कबूल करणे कठीण. ऑगस्टीन ह्यांनी सुरुवात आई व मित्र ह्यांच्यापासून केली. आपणही तेथूनच करू या. २७ ऑगस्ट रोजी संत मोनिका व २८ ऑगस्ट रोजी संत ऑगस्टीन ह्यांचा सण येतो. त्या दोन दिवसांत प्रत्येक कुटुंबाने रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय एकत्र वाचावा आणि प्रायश्चित्त संस्कार स्वीकारावा, अशी आमची नम्र विनंती आहे. पश्चात्तापाची कृपा आणि ती सांगण्याचे धैर्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो.