दुसरे टिळक

टिळक म्हटलं की आपल्यासमोर पगडी-उपरण्यातले लोकमान्य उभे राहतात. मी आज लिहितोय ते दुसऱ्या टिळकांबद्दल, रेव्हरंड नारायण वामन टिळकांबद्दल. शाळेच्या पुस्तकात ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून भेटले आणि तिथेच राहिले. त्यांची खरी ओढ मला कळली ती इथे, आखातात आल्यावर.

इथे येशूची किती नावं कानावर पडतात! अबुधाबीत अल मुश्रिफ भागातल्या मशिदीला २०१७ साली ‘मरियम उम्म ईसा’, म्हणजे येशूची आई मरियम, असं नाव दिलं गेलं. जवळच चर्चेस आहेत. माझ्या ऑफिसातला पॅलेस्टिनी सहकारी त्याला पैगंबर ईसा म्हणतो, केरळचा अकाउंटंट ईशो म्हणतो, फिलिपिनो रिसेप्शनिस्ट हेसुस म्हणते. आणि आपण मराठी माणसं? आपण सरळ ‘त्यांचा देव’ म्हणून मोकळे होतो. गोऱ्या साहेबाबरोबर बोटीतून आलेला. सव्वाशे वर्षांपूर्वी हेच लेबल टिळकांच्या समोर होतं, फक्त त्यात आजच्यापेक्षा राग जास्त होता.

जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन घर. आई लहानपणीच गेली, वडिलांशी पटलं नाही, मुलगा घर सोडून नाशिकला गेला आणि संस्कृत शिकला. १८८० मध्ये लग्न झालं ते जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाईंशी. ती अकरा-बारा वर्षांची. संसार कसला, वणवणच! टिळक मनात आलं की उठून चालू लागायचे. आज एका गावी मास्तरकी, उद्या कीर्तन, परवा आणखी काही. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचं काम केलं. वेदांत वाचला, संत वाचले. जातीच्या उतरंडीने देश पोखरलाय हे त्यांना दिसत होतं, पण त्यावरचा उतारा सापडत नव्हता.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना त्यांनी बायबलची एक प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत करून टाकलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं ते पुस्तकप्रेमापोटी. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि थबकले. शत्रूवर प्रेम, गुपचूप केलेलं दान, नम्र माणसाचं मोठेपण... हे बोलणारा माणूस त्यांना साहेबाचा वाटलाच नाही. अंगणात बसून बोलणाऱ्या एखाद्या आपल्याच संताच्या जवळचा वाटला. पुढे ते स्वतः सांगत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या पुलात आहे. पलीकडे गेल्यावर बहुतेक लोक पूल तोडून टाकतात, यांनी तो आयुष्यभर वापरला.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. बायकोला न विचारता, बरं का! बातमी नंतर पोचली. लक्ष्मीबाईंचं माहेर कडक सोवळ्याचं. पदरात लहानगा दत्तू, नवरा ‘बाटलेला’. चार-साडेचार वर्षं दोघं वेगळी राहिली. टिळकांचा शोध कितीही प्रामाणिक असला तरी त्याची किंमत आधी या बाईने मोजली, हे मला विसरता येत नाही. पुढे त्या अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) नवऱ्याजवळ आल्या, तरी स्वयंपाक-पाणी वेगळंच ठेवलं होतं. जातीचं सोवळं सुटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढून नेलं म्हणून नाही.

आता दुसरी बाजू. चर्चमध्ये गेल्यावर टिळकांना आणखी एक लेबल भेटलं. तिथे बरीचशी गाणी इंग्रजीतून आणलेली, चाली विलायती. शेतकऱ्याने, नगरच्या खेड्यातल्या दलिताने ती गायची कशी? गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ मध्येच ओवीत ख्रिस्तपुराण छापलं होतं, पण ती वाट बरीचशी बुजली होती. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन घेतलं. येशूला गुरू म्हटलं, आई म्हटलं. वारकरी विठोबाला माउली म्हणतो तसं. उपासनेची दोनशेहून अधिक पदं लिहिली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचं संपादन केलं. आणि हे सगळं करताना हिंदुस्थानावर निस्सीम प्रेम करत राहिले. ख्रिस्ती झाला म्हणजे देशाला मुकला, हे दोन्हीकडचं गणित त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्याच घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले, तेव्हा कुणी धर्म विचारला नाही.

१९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, टिळकांनी मिशनचा पगार सोडला. भांडून नव्हे, पण पगारी उपदेशकाच्या तोंडून लोकांना आधी मिशन ऐकू येतं, ख्रिस्त नंतर, असं त्यांना वाटू लागलं होतं. संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा! तुम्ही येशूला गुरू मानता ना, मग या. चर्चमधल्या काहींना हे फार झालं असं वाटलं. बाहेरच्यांना हा बाटवण्याचा नवा डाव वाटला. म्हणजे म्हातारपणी दोन्हीकडून संशय! आपण इथे राहून ‘तिकडचे’ आणि सुट्टीत घरी गेलो की ‘दुबईवाले’ होतो, तेव्हा याची अगदी पुसट कल्पना येते.

दरबार उभा राहायला वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत गेले. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं काव्य अर्धवट राहिलं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. लग्नात जिला धड अक्षरओळख नव्हती, तिने उरलेले कितीतरी अध्याय लिहिले. मधल्या काळात ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली, ज्यात नवऱ्याची धांदल, संताप, भोळेपणा काहीच झाकलेलं नाही. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं ते १९३८ मध्ये.