प्राणवायूची चव

आमच्या लोणखेड्यापासून समुद्र दूर. आम्हांला खोली ठाऊक ती विहिरीची. जुन्या विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचे नाही. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाचे चरित्र वाचताना मला तो कंदील आठवला. फरक इतकाच, की हा गृहस्थ कंदिलाच्या जागी स्वतःलाच खाली सोडत असे.

जन्म १८९२चा, ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनशास्त्रातले मोठे नाव. त्यांनी या पोराला खाणीत नेले आणि उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. छताशी साचलेल्या वायूने पोरगा कोसळला आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत शुद्धीवर आला. धडा कायमचा मिळाला!

पाणबुडा खोल गेला की दाबामुळे हवेतला नत्रवायू त्याच्या अंगात मुरतो. तो झटकन वर आला, तर सोड्याच्या बाटलीसारखे रक्तात बुडबुडे होतात. माणूस लुळा पडतो, दगावतोही. म्हणून थांबत थांबत वर येण्याची कोष्टके थोरल्या हाल्डेनांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. बँकेत जन्म काढलेल्या मला हे कर्जफेडीसारखे वाटते. थांब्यावर साध्या हवेऐवजी प्राणवायू जास्त असलेला वायू घेतला, तर नत्रवायू लवकर निघून जातो. हप्ता मोठा, मुदत कमी.

पण इथेच मेख आहे. दाबाखाली प्राणवायूच विष होतो, आकडी आणतो. फ्रान्सच्या पॉल बर्ट यांनी हे १८७८ सालीच लिहून ठेवले होते. माणसाला तो किती सोसतो, हे मात्र कुणीतरी सोसूनच सांगायला हवे होते.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळ ‘थेटिस’ ही पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. ९९ माणसे गेली. कामगार संघटनांच्या वतीने हाल्डेन चौकशीत उतरले आणि पुढे नौदलासाठी पोलादी कोठडीत बसून प्रयोग करू लागले. सोबत हेलन स्पर्वे होत्या, ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. आकडीत हाल्डेनांचे मणके दुखावले. ते दुखणे जन्मभर राहिले. कानाचा पडदा फाटला, तर तंबाखूचा धूर कानातून काढून दाखवण्याची त्यांना गंमत वाटे! जबर दाबाखाली प्राणवायूला चव येते, साखर घातलेल्या पातळ शाईसारखी, हेही त्यांनीच नोंदवले.

१९५७ साली ते भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, पुढे इथले नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला कर्करोगाने त्यांचे निधन झाले. देहही त्यांनी काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला.

सुट्टीत आपली मुले तारकर्लीला मासे बघायला पाण्यात उतरतात. तेवढ्या उथळ पाण्यात या हप्त्यांची गरज पडत नाही. पण खोल जाणाऱ्या अनुभवी पाणबुड्यांना आज खास शिक्षण घ्यावे लागते. शुद्ध प्राणवायू साधारण सहा मीटरच्या खाली घ्यायचा नाही. प्रत्येक नळकांड्यावर खोलीचा आकडा ठळक लिहायचा. नळी तोंडात धरण्याआधी तो स्वतः वाचायचा, जोडीदारालाही दाखवायचा. हाल्डेन आणि त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी तो आकडा अंगावर झेलून मिळवला आहे. शिकणाऱ्याने तो घाईत नजरेआड करू नये, एवढेच.