बर्फाच्या खंडाची वाट



पावसाळ्यात तुम्ही अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कधी गेला आहात का? त्या दिवसांत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. पण कोळी बांधव रिकामे बसत नाहीत. ते जाळी दुरुस्त करतात, होड्यांची डागडुजी करतात. समुद्र शांत झाला की गोडे पाणी, डिझेल, शिधा आणि मासे टिकवण्यासाठी बर्फ भरून ते निघतात. जिथे समुद्रच गोठतो, तिथे जायचे असेल तर किती तयारी करावी लागेल? अशी तयारी करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव होते डॉ. सय्यद जहूर कासिम.

त्यांचा जन्म 31 डिसेंबर 1926 रोजी अलाहाबादला झाला. तेथे गंगा-यमुनेचा संगम आहे. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर! अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पुढे ब्रिटनमधील वेल्स येथे माशांवर संशोधन करून त्यांनी 1956 मध्ये डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर सागरी जीवनाचा अभ्यास हेच त्यांचे कार्य झाले. 1974 मध्ये ते गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले.

1981 मध्ये भारताने अंटार्क्टिकाला पहिले पथक पाठवायचे ठरवले. नेतृत्व डॉ. कासिम यांच्याकडे आले. तुम्ही भूगोलात वाचले असेल, हे दक्षिण ध्रुवाभोवतीचे बर्फाच्छादित खंड आहे. तेथे गाव नाही, बाजार नाही, दवाखाना नाही. धान्य, इंधन, औषधे, उबदार कपडे, यंत्रे, सारे काही जहाजातूनच न्यावे लागणार होते. एखादी वस्तू राहिली तर ती कोणाकडून उसनी आणणार?

दुसरी अडचण वेळेची होती. हिवाळ्यात त्या खंडाभोवतीचा समुद्र मैलोगणती गोठलेला असतो. आपल्याकडे थंडी पडते, तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. त्या थोड्या महिन्यांत बर्फ फुटतो आणि जहाजाला वाट मिळते. लवकर निघाले तर बर्फ अडवतो. उशीर झाला तर वर्ष वाया जाते. म्हणून तयारी वेगाने करायची, पण निघायचे मात्र ऋतू पाहून! बर्फातून जाणारे जहाज आपल्याकडे नव्हते. म्हणून नॉर्वेचे 'पोलर सर्कल' हे जहाज भाड्याने घेण्यात आले. ही सर्व तयारी गुप्त ठेवण्यात आली होती. त्यामुळे निघणाऱ्यांना निरोपाचा समारंभ नव्हता, वाहवाही नव्हती.

6 डिसेंबर 1981 रोजी 21 जणांचे पथक गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाले. 31 डिसेंबरला डॉ. कासिम यांना 55 वर्षे पूर्ण झाली, तेव्हा ते प्रवासातच होते. 9 जानेवारी 1982 रोजी पथक अंटार्क्टिकाला पोहोचले. निरीक्षणे आणि नमुने गोळा करून 21 फेब्रुवारीला ते सुखरूप गोव्यास परतले. सारी मोहीम 77 दिवसांची होती; पण तिच्यामागे समुद्राच्या अभ्यासाची अनेक वर्षे होती.

त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे भारताने तेथे 'दक्षिण गंगोत्री' हे केंद्र उभारले. नंतर 'मैत्री' आणि 'भारती' ही केंद्रे झाली. डॉ. कासिम 1989 ते 1991 या काळात दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू होते. 20 ऑक्टोबर 2015 रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, तुम्हालाही कधी परीक्षेची, कधी निकालाची, कधी संधीची वाट पाहावी लागते. ते दिवस कंटाळवाणे वाटतात. अशा वेळी डॉ. कासिम यांची आठवण ठेवा. बर्फ आपल्या हातात नसतो. तो फुटेल तेव्हा आपले सामान बांधलेले असावे, एवढे मात्र आपल्या हातात असते.