मुलांचे वासुदेवराव

१८७९ साली लंडनमध्ये ‘बॉइज ओन पेपर’ हे साप्ताहिक निघाले आणि इंग्रज मुलांना दर आठवड्यास साहसकथा मिळू लागल्या. महाराष्ट्रातील मुलांना मात्र पाठ्यपुस्तकांखेरीज वाचावयास फार थोडे मिळे. ही उणीव दूर करण्यासाठी वासुदेव गोविंद आपटे झटले.

वासुदेवरावांचा जन्म १८७१ साली खानदेशातील धरणगावी झाला. ते मोठे व्यासंगी होते. बंगाली शिकून त्यांनी बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. ‘शब्दरत्नाकर’ हा कोश रचला. एवढ्या विद्वानाने मुलांसाठी लिहिणे कधी कमीपणाचे मानले नाही. १९०६ साली त्यांनी ‘आनंद’ हे मुलांचे मासिक काढले व अखेरपर्यंत जोपासले.

१९३० साली ते निवर्तले. परंतु ‘आनंद’ बंद पडले नाही. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी ते अनेक वर्षे चालविले.